निरीक्षण आधी, अनुमान नंतर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून पाच-सहा जणांनी विचारलं, "तू कॉम्प्युटरमध्ये नेमकं करतोस काय?" एकानं तर बंद पडलेला लॅपटॉपच सोबत आणलाय. त्याचं जेवणानंतर बघू.

मी कर्नल आणि ड्रायव्हरमधल्या चुका शोधतो. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "म्हणजे मिलिटरीत आहे का ट्रान्सपोर्टमध्ये?" कर्नल म्हणजे संगणकातला सगळ्यात आतला प्रोग्राम. कुणाला किती मेमरी द्यायची, कुणी कधी काम करायचं, हे तो ठरवतो. प्रिंटर, कॅमेरा, कीबोर्ड यांच्याशी बोलणारा त्याचा माणूस म्हणजे ड्रायव्हर. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स नावाचा कर्नल आहे. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं 1991 साली तो लिहायला घेतला. आज त्यात तीन कोटींहून जास्त ओळी आहेत आणि त्यातल्या अर्ध्याहून अधिक ड्रायव्हरच्या आहेत.

शेलारच्या माणसाला हे लूमच्या भाषेत लगेच कळेल. एका लूमवर धागा तुटला तर तो एक लूम थांबतो, बाकीचे चालू राहतात. साध्या प्रोग्रामची चूक तशी असते. पण कारखान्याची मेन लाइनच गेली तर सगळे लूम एकदम गप्प. कर्नलमधली चूक ही अशी असते. ड्रायव्हर कर्नलच्या आतच चालतो, त्यामुळे त्याची चूकही तेवढीच महाग पडते.

19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवतोय का? जगभरातल्या विंडोज संगणकांचे पडदे निळे झाले. आपल्याकडे काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा ड्रायव्हरला 20 गोष्टी दिल्या होत्या आणि नव्या फाइलमुळे तो एकविसावी वाचायला गेला. तिथं त्याच्यासाठी काहीच नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे 85 लाख संगणक त्यात बंद पडले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती आज इथं सांगायचं एक कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही गोदामांसाठी एक छोटं यंत्र केलं होतं. त्याला बारकोड वाचणारा स्कॅनर जोडलेला. स्कॅनरचा ड्रायव्हर मी लिहिला होता. दोन-तीन दिवसांतून एकदा यंत्र अचानक बंद पडायचं. कर्नल कोसळताना पडद्यावर शेवटचा निरोप ठेवतो. त्यात कुठल्या ओळीवर तो पडला हे दिसतं. प्रत्येक वेळी निरोप नेटवर्कच्या भागाकडे बोट दाखवायचा आणि तो भाग एका नव्या मुलीकडे होता. नोकरीला लागून तिला सहाच महिने झाले होते. मी मीटिंगमध्ये ठामपणे सांगितलं, "चूक नेटवर्कमध्ये आहे." अहवालात तिचं नाव गेलं.

ती रात्री उशिरापर्यंत बसून शोधायची. काय चाललंय ते कळावं म्हणून तिनं जागोजागी नोंदी छापायच्या ओळी घातल्या, तर चूक दिसेनाशीच झाली! आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. नोंद छापायला वेळ लागतो, वेळेचं गणित बदलतं आणि चूक लपते. दुसरा एक चांगला उपाय असतो. मधोमध भाग करत जायचं. हजार बदलांपैकी कुठल्या बदलानं बिघाड आणला, हे साधारण दहा चाचण्यांत सापडतं. पण त्यासाठी बिघाड हवा तेव्हा घडवता आला पाहिजे. आमचा तो घडतच नव्हता.

शेवटी मी स्वतः गोदामात गेलो. ते आपल्याच तालुक्यात, इथून अर्ध्या तासावर होतं. तिथं माल मोजणाऱ्या एका ताईंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "पाळी बदलताना बंद पडतं. आम्ही स्कॅनर काढून ठेवतो ना, त्यानंतर थोड्या वेळानं." आम्हा इंजिनीअरांना सोळा दिवसांत जे दिसलं नाही, ते ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं.

ऑफिसात येऊन मी टेबलावर स्कॅनरची वायर काढ-घाल सुरू केली. कर्नलमध्ये मेमरीवर पहारा ठेवणारं एक साधन असतं. ते चालू केलं. एक जागा कुणी घेतली, कुणी सोडली आणि सोडल्यावरही कुणी हात लावला, हे ते सांगतं. तिन्ही ठिकाणी माझाच ड्रायव्हर होता.

झालं होतं असं. समजा, तुम्ही भाड्याची खोली सोडली, पण दूधवाल्याला सांगायचं राहिलं. त्याच्याकडे किल्ली आहे. तो पहाटे अंधारात येतो आणि ओट्यावरच्या पातेल्यात दूध ओतून जातो. पातेल्यात नव्या भाडेकरूची आमटी असते. आमटी नासते आणि आपण स्वयंपाक करणारीला बोल लावतो. स्कॅनर काढल्यावर मी मेमरीची जागा सोडत होतो, पण त्याआधी लावलेला टायमर रद्द करत नव्हतो. तो नंतर वाजायचा आणि त्या जागेत लिहायचा. तोवर ती जागा कधी रिकामी असायची, कधी नेटवर्कला दिलेली असायची. म्हणून रोज बंद पडत नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. आधी टायमर थांबवा, मग जागा सोडा.

पण ती लिहिण्याआधी मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. माझे वडील इथं लूमवर जॉबर होते. लूम अडला की कामगार म्हणायचे, सूत खराब आहे. वडील पान्याला हात लावायच्या आधी विचारायचे, "कालपासून काय बदललं?" आणि सर, नववीत तुम्ही माझ्या प्रयोगवहीवर लाल रेघ मारली होती. लंबकाची वाचनं मी पुस्तकातलं उत्तर बघून लिहिली होती. तुम्ही म्हणालात, "आधी निरीक्षण, मग अनुमान. तू अनुमान आधी लिहिलंस आणि निरीक्षण त्याला जुळवलंस." त्या मुलीच्या बाबतीत मी तेच केलं होतं. फक्त या वेळी लाल रेघ तिच्या वहीवर पडली होती.

लिनक्सच्या जगात एक चांगली रीत आहे. दुरुस्ती पाठवताना मूळ चूक कुठल्या बदलातून आली, त्याचा क्रमांक खाली लिहायचा. चूक कुणी दाखवून दिली, तेही लिहायचं. ही रीत आम्ही ऑफिसातही पाळतो. मी माझ्याच बदलाचा क्रमांक लिहिला आणि चूक गोदामातल्या ताईंनी दाखवली, अशी नोंद केली. मग मीटिंगमध्ये उभा राहून अहवालातलं त्या मुलीचं नाव काढायला लावलं आणि तिची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "सर, मला वाटायला लागलं होतं की हे काम माझ्याच्यानं होणार नाही." मी अजून थोडा उशीर केला असता, तर आम्ही एक चांगली इंजिनीअर गमावली असती.

आपल्यातले बरेच जण आता दुकानात, कारखान्यात, घरात चार माणसांच्या वर आहेत. काही बिघडलं की जिथं ते दिसतं, तिथल्या माणसावर पहिलं बोट जातं. एवढंच सांगेन, त्याआधी एकदा आपलीच वायर काढून बघा.

सर, ती प्रयोगवही आईनं जपून ठेवली आहे. आज सोबत आणली आहे. लंबकाची वाचनं परवा घरी पुन्हा घेतली. या वेळी जी आली तीच लिहिली आहेत. सही राहिली होती, तेवढी करून द्या.