ताटातील मीठ व हृदयाचे आरोग्य



अपरात्री रुग्णाभ्यंगासाठी आम्हांस बोलावणे येते, तेव्हा पुष्कळदा कालपर्यंत धडधाकट असलेला घरचा कर्ता पुरुष पक्षाघाताने लुळा पडलेला दिसतो. हा घाला अकस्मात वाटला, तरी त्याची तयारी बहुधा वर्षानुवर्षे ताटातच चाललेली असते. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो, व वाढलेला रक्तदाब हे पक्षाघाताचे प्रमुख कारण होय. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस दिवसाकाठी ५ ग्रॅमहून, म्हणजे चहाच्या चमचाभराहून, कमी मीठ सांगते. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यातच धरावे. वनस्पती तुपातील ट्रान्स चरबी हृदयास घातक. म्हणून २०२२ पासून तेलतुपात ती शेकडा २ हून अधिक नसावी असा सरकारी नियम आहे. आपल्या शहराचा नान-खलिया सणास शोभतो, नित्य नव्हे. नित्यासाठी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी व जवसाची चटणी हा मराठवाड्याचा जुना आहारच उत्तम. मात्र वैद्यांनी दिलेले औषध त्यापायी सोडू नये.

प्रायश्चित्तकाळात आपण चाळीस दिवस जीभ आवरतो. ते वळण वर्षभर राखावे, म्हणजे पुढील महोत्सवास घरची वडील माणसे आपल्या पंगतीस असतील, अशी आम्हांस आशा आहे.