ट्रकचा कणा

भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला मधोमध वाकून बसलेला आपण पाहिला असेल. बघे लगेच म्हणतात, “लोखंड हलकं असणार!” पुष्कळदा तसे नसते. लोखंड चांगले असते. कुणीतरी त्याला नको तिथे भोक पाडलेले असते.

ट्रकचा सगळा भार चासीवर. चासी म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडलेले आडवे दांडे. तुळईला वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि मध्ये उभी भिंत असते. एखादी ओली फोक दोन्ही टोकांना धरून वाकवा. एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधल्या रेषेत फारसे काही घडत नाही. तुळईचेही तसेच. सारे कष्ट वरच्या-खालच्या पट्ट्यांना! म्हणून कारखानदार भोके शक्यतो उभ्या भिंतीत ठेवतो. बॉडी बांधणारा मात्र सोय पाहतो आणि पट्टीतच ड्रिल घालतो. ताणलेल्या रुंद पत्र्यात लहानसे गोल भोक असले, तर त्याच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन इंजिनियराने १८९८ साली गणिताने दाखवले.

तरी गाडी त्या दिवशी मोडत नाही, हीच फसगत आहे. लोखंडालाही थकवा येतो. एकदा सोसलेला भार लाखो वेळा आला, की ते हार खाते; प्रशियात वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर हे गेल्याच्या आधीच्या शतकात तपासले होते. दर खड्ड्याला एक हिसका. भोकाच्या काठी केसाएवढी चीर पडते आणि रंगाखाली दडून वाढत राहते. वेल्डिंगच्या सांध्यावर ताण दुप्पट झाला, तर आयुष्य निम्मं नव्हे, सुमारे आठवा हिस्सा उरतं! जादा माल भरणाऱ्यांनी हा हिशेब भाड्याच्या हिशेबाशेजारी मांडावा.

चीर दिसली, की गॅरेजात तिच्यावर जाड पट्टी ठेवून चौफेर वेल्डिंग मारतात. मालकाला वाटतं, झालं काम! पण एक चाक खड्ड्यात गेले की चासीला पीळ पडतो, आणि तो सोसावा म्हणून ती मुळातच थोडी लवचीक ठेवलेली असते. एक जागा ताठ केली, की ताण शेजारी गोळा होतो. नवी चीर नेमकी पट्टी संपते तिथे पडते.

कारखान्यात हा ताण मोजायला चासीवर बारीक तारेची पट्टी चिकटवतात. लोखंड ताणले की तारही ताणते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि त्यावरून आकडा कळतो. आता संगणक चासीचे हजारो तुकडे कल्पून हिशेब करतो. मात्र आपल्या बॉडीवाल्याने मागाहून पाडलेले भोक त्या हिशेबात कुठून असणार?

तेव्हा गाडी धुताना रिव्हेटांपाशी आणि पाट्यांच्या आधारापाशी नीट पाहा. रंगाला बारीक भेग आणि तिच्यातून उतरलेली तांबूस गंजाची रेघ दिसली, तर माल उतरवा आणि मगच गाडी हलवा.