पाऊस नेमका कुणाच्या शेतात?



‘सातारा जिल्ह्यात उद्या जोरदार पाऊस.’ हे वाक्य नेमकं कुणासाठी आहे? महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्री चढतानाच बरेचसे रिते होतात, माण पर्जन्यछायेत राहतो. म्हसवडच्या शेतकऱ्यानं या वाक्याच्या भरवशावर बियाणं मातीत टाकलं आणि पाऊस घाटातच राहिला, तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच डोक्यावर. हवामान विभाग आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतो, हे फार चांगलं झालं.

विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे काही नियम असावेत, असं मला मनापासून वाटतं. त्यातला पहिला हाच: ऐकणारा कुठे राहतो आणि आज त्याला काय ठरवायचंय, हे आधी समजून घ्या. पेरणीच्या तोंडावर त्याला ढगांचं चित्र दाखवून भागत नाही. ‘साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल उतरल्याशिवाय पेरू नका’, हे त्याला हवं असतं.

खात्री किती आहे, तेही सांगायला हवं. तिथे आपण कचरतो. लोक गोंधळतील म्हणे! मला हे पटत नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्याला अनिश्चितता आपण काय शिकवणार? 26 जुलै 2005 च्या त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला फक्त 73. शहर एकच. इतक्या छोट्या पट्ट्यात कोसळणारा पाऊस आधी हेरणं का अवघड असतं, ते लोकांना समजावून सांगा. आणि अंदाज चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेही सांगा. विश्वास त्यानंच टिकतो.

हवामान विभागाच्या इशाऱ्यांत ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. पण नदीकाठच्या वस्तीनं करायचं काय? जनावरं कधी सोडायची, काठावरची मोटर कधी काढायची, मुक्कामाला कुठल्या शाळेत जायचं, हे सरपंच आणि तलाठ्यांसोबत बसून पावसाळ्याआधीच ठरायला हवं. इशाऱ्याचा मजकूरही त्याच वस्तीतल्या चार-पाच जणांना आधी वाचून दाखवावा आणि काय कळलं, ते त्यांच्या तोंडून ऐकावं. जी ओळ त्यांना कळली नाही, ती आपण बदलायची.