जुन्या मोटारीतील हवेची गळती आणि तिचे निदान



मोटार उभी असताना यंत्र थरथरणे, रेस आपोआप चढणे-उतरणे, क्वचित यंत्र बंदही पडणे, ही जुन्या इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांची नेहमीची तक्रार होय. अशा वेळी मालक महागडा सेन्सर बदलतो, इंजेक्टर धुऊन घेतो, प्रसंगी संगणकाची पेटीही नवी बसवितो. दोष मात्र कायम राहतो. कारण पुष्कळदा तो एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत दडलेला असतो. निदानापूर्वी सुटे भाग बदलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी संगणकाला हवेचा हिशेब ठाऊक असावा लागतो. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीसाठी आणलेली डी-जेट्रॉनिक पद्धत मॅनिफोल्डमधील दाबावरून हा हिशेब करीत असे. १९७३ साली आलेल्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत आत येणारी हवाच मोजली जाऊ लागली. पुढील काळातील बहुतेक गाड्या या दोहोंपैकी एका रीतीने चालतात, आणि गळतीची लक्षणे त्यानुसार बदलतात.

हवा मोजणाऱ्या गाडीत चोरवाटेने शिरलेली हवा मापकासमोरून गेलेलीच नसते. तिच्या वाटणीचे पेट्रोल सोडले जात नाही. मिश्रण विरळ होते व यंत्र अडखळते. दाब मोजणाऱ्या गाडीत गळतीमुळे मॅनिफोल्डमधील दाब वाढतो, संगणक पेट्रोलही वाढवितो, आणि रेस चढलेली राहते. तथापि गळती एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असेल, तर तेवढाच सिलिंडर मिसिंग करतो.

हा दोष उभ्या गाडीतच अधिक का जाणवतो? त्या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते व यंत्र अल्प हवेवर चालते. त्या अल्प हवेत गळतीचा वाटा मोठा ठरतो. रेस वाढविली की तोच वाटा नगण्य होतो. म्हणून रेस वाढविताच सुरळीत होणाऱ्या यंत्रात गळतीचा संशय प्रथम घ्यावा.

तपासणीचा आरंभ यंत्र बंद व थंड असताना डोळ्यांनी आणि हातांनी करावा. नळ्यांची वळणे, क्लिपा, मॅनिफोल्डचे पॅकिंग व इंजेक्टरच्या रबरी कड्या पाहाव्यात. हवा मोजणाऱ्या गाडीत ऑइलचे झाकण आणि डिपस्टिक सैल असली तरीही हवा शिरू शकते. नंतर यंत्र चालू करून फुसफुस ऐकावी. बारीक नळ्या एकेक करून चिमट्याने हळुवार दाबाव्यात. जी दाबताच यंत्राची चाल बदलते, त्या नळीच्या पुढील भाग तपासावा. या वेळी पंखा व पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर ठेवणे अत्यावश्यक आहे.

व्हॅक्यूम गेज असल्यास समुद्रसपाटीवर निरोगी यंत्र साधारण १७ ते २१ इंच दाखविते. प्रत्येक हजार फुटांच्या उंचीमागे हा आकडा सुमारे एक इंचाने उतरतो. पणजीत २० इंच दाखविणारी गाडी अडीच हजार फुटांवरील बेळगावात साडेसतरा इंच दाखवील. तो दोष नव्हे.

स्कॅनर जोडता येत असेल, तर पेट्रोलची दुरुस्ती दर्शविणारा आकडा पाहावा. हवा मोजणाऱ्या गाडीत तो उभ्या गाडीत अधिक व २,५०० फेऱ्यांवर कमी असेल, तर गळती संभवते. भार वाढताना तोच वाढत गेला, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर तपासावा. गळतीचे नेमके ठिकाण धुराच्या यंत्राने दिसते. कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल तापलेल्या यंत्रावर फवारण्याची प्रथा सोडून द्यावी; तिने भडका उडतो.

एका नळीकडे मात्र मुळीच दुर्लक्ष होऊ नये. ती म्हणजे ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी. यंत्र बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, पाय तसाच ठेवून यंत्र चालू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास बूस्टर, त्याची झडप वा ही नळी सदोष असू शकते, आणि तेव्हा प्रश्न केवळ थरथरीचा किंवा पेट्रोलच्या खर्चाचा राहत नाही. अशी गाडी दुरुस्तीवाचून रस्त्यावर आणू नये.