कोयत्यावर निघण्याआधी निदान व्हावं



मुकुंदराज आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईत आपलं मनःपूर्वक स्वागत. 1974 साली इथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. डीएनए संवेदकांवरची ही परिषद याच गावी व्हावी, असा आम्ही, स्वागत समितीने, हट्ट धरला.

त्याला कारण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. एखाद्याचा खोकला हटत नसतो. थुंकीचा नमुना तालुक्याला जातो आणि अहवाल येईपर्यंत टोळी कारखान्यावर पोचलेली असते. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्राने क्षयाची रेणू-चाचणी लहान केंद्रांपर्यंत आणली. त्याच्याही पुढे, ग्लुकोमीटरसारख्या पट्टीवर हे काम व्हावं, ही आमची आस आहे.

डीएनए इलेक्ट्रोडवर विद्युत प्रतिसाद देतो, हे एमिल पालेचेक यांनी 1960 मध्ये दाखवलं. आज डीएनएचा एकेरी धागा गंधकाच्या बंधाने सोन्यावर बसवतात. जंतूचा जुळणारा धागा येऊन बिलगला की प्रवाह बदलतो. जंतूचा डीएनए तुरळक असेल, तर सपाट सोन्यावर हा बदल टिपणं अवघड जातं. सोन्याचे नॅनोकण, काटे, सच्छिद्र थर यांनी पृष्ठभाग वाढतो. पण नुसता पृष्ठभाग वाढवून भागत नाही. कापूस दाट लावला की बोंडं नीट धरत नाहीत, तसंच धाग्यांचंही आहे: ऋणभारित धाग्यांची दाटी झाली की नवा धागा आत शिरतच नाही. नॅनोकणाच्या वक्रतेमुळे मात्र धाग्यांची टोकं एकमेकांपासून फाकतात आणि नव्या धाग्याला वाट मिळते. म्हणून मला धातूच्या वजनापेक्षा त्याची घडण मोलाची वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 2004 मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडवले होते, हे इथल्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं.

पाहुण्यांना एकच विनंती. स्वच्छ द्रावणातले आलेख जरूर दाखवा, पण थुंकीत आणि रक्तात प्रथिनं चिकटल्यावर संवेदकाचं काय होतं, मे महिन्याच्या उन्हाळ्यात उपकेंद्राच्या कपाटात पडून राहिलेली पट्टी किती खरं सांगते, हेही मोकळेपणाने मांडा. फसलेले प्रयोगही सांगा. दुपारच्या सत्रात इथल्या प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ आणि आशाताई मुद्दाम बोलावल्या आहेत. त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत, अशी अध्यक्षांना विनंती करतो.