एका यंत्राचे दोन धनी

माळव्यातील देवास हे एके काळी दोन राजांचे गाव होते. पेशवाईच्या काळात माळव्यात उतरलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी १७२८ च्या सुमारास तेथे आपले ठाणे केले आणि पुढे त्यांच्या वंशजांची दोन संस्थाने झाली. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. मुलूख वाटला गेला, खेडी वाटली गेली; इतकेच नव्हे, तर खुद्द देवास शहरही वाटले गेले. मुख्य रस्त्याच्या एका बाजूस एका पातीचा अंमल, तर दुसऱ्या बाजूस दुसरीचा. पाण्याची व्यवस्था निराळी, दिवाबत्तीची निराळी. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि हा दुहेरी कारभार संपला.

त्याच रस्त्याने आज जाणाऱ्या माणसाच्या खिशात मात्र असाच दुहेरी कारभार चालू आहे. त्याच्या स्मार्टफोनची किंमत त्याने मोजलेली असते, पावती त्याच्या नावाची असते आणि काच फुटली तर भुर्दंडही त्यालाच बसतो. असे असूनही ते यंत्र एकट्या त्याचे नसते. ते त्याचे ऐकते, तसेच ज्या कंपनीची प्रणाली त्यात चालते तिचेही ऐकते. आणि दोघांच्या इच्छा परस्परविरुद्ध असल्या, तर पुष्कळदा कंपनीचीच इच्छा प्रमाण ठरते. देवासच्या रहिवाशाला निदान आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूस उभे आहोत हे ठाऊक असे. स्मार्टफोनच्या धन्याला आपली हद्द कोठे संपते हे कोणी सांगत नाही.

हद्द कशी आखली गेली हे थोडक्यात समजून घेण्यासारखे आहे. भारतातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइड या प्रणालीवर चालतात. गूगलने २००५ साली ही प्रणाली विकत घेतली आणि तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. या प्रणालीचा पाया खुला आहे. तिची मूळ संहिता कोणासही वाचता येते आणि बदलताही येते. परंतु दुकानातून आणलेल्या फोनमध्ये या पायावर गूगलच्या स्वतःच्या सेवांचा मजला चढवलेला असतो आणि त्याची दारे बंद असतात. फोन कोठे आहे, त्यावर कोणती ॲप घेतली, कोणता निरोप केव्हा आला, अशा अनेक गोष्टी या मजल्यावरून जातात. प्रत्येक फोनला जाहिरातदारांसाठी एक ओळखक्रमांक दिलेला असतो. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जाहिरातींतून येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या सेवा फुकट का मिळतात याचे कोडे उरत नाही.

पवारांचे दुसरे मोठे घराणे धारचे. धार ही त्याआधी कित्येक शतके, अकराव्या शतकात, परमार राजा भोजाची राजधानी होती. भोजाच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी, दारावर पहारा देणारे लाकडी पुरुष, अशी नवलाची वर्णने त्यात आहेत. परंतु ही यंत्रे घडवावयाची कशी, याचा तपशील ग्रंथकाराने दिलेला नाही. आणि तो अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखावी म्हणून दिलेला नाही, असा खुलासाही त्याने केला आहे. पाहणाऱ्याने विस्मित व्हावे, आतली रचना मात्र विचारू नये, ही वृत्ती यावरून बरीच जुनी दिसते. फरक एवढाच की भोजाचा लाकडी पहारेकरी राजाच्या दारी उभा राहून बाहेरच्यांवर लक्ष ठेवी. आजचा पहारेकरी घरधन्याच्याच खिशात बसून घरधन्याच्या हालचाली टिपतो.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्याने काही लपविण्यासारखे केलेले नाही, त्याने घाबरावे कशाला? प्रश्न सरळ दिसतो. पण माहिती एकट्याची नसते हे त्यात विसरले जाते. समजा, देवासच्या एखाद्या कारखान्यातील कामगाराने मुलीच्या आजारपणासाठी फोनवरून चार-पाच हजारांचे झटपट कर्ज घेतले. ॲपने संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागितली आणि घाईत त्याने ती दिली. हप्ता चुकताच फोन जातो तो सासऱ्याला, शेजाऱ्याला, कारखान्यातील मुकादमाला. अशा छळाच्या तक्रारी देशभरातून आल्या. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घालून दिले की, कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्कयादी, संभाषणांच्या नोंदी आणि छायाचित्रे यांना हात लावू नये. त्या कामगाराने काहीच लपविले नव्हते. त्याची अब्रू मात्र त्याच्या यादीतील प्रत्येक माणसापाशी गहाण पडली होती आणि त्या माणसांना कोणी विचारलेही नव्हते.

देवासला आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नोटांचा छापखाना. तेथे छापलेली शंभराची नोट बाजारात गेली की ती कोणी कोणाला आणि कशासाठी दिली याची नोंद नोटेवर राहत नाही. औषध घेतले की पुस्तक, देवळात दिली की दारूच्या दुकानात, हे नोट सांगत नाही. फोनवरून दिलेला रुपया हे सर्व सांगतो. व्यवहार सोपा झाला यात शंका नाही; परंतु पूर्वी जी गुप्तता न मागता मिळत होती, ती आता प्रयत्नाने मिळवावी लागते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्यासाठी, प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, अँड्रॉइडच्या बाजारपेठेतील आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल, गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. परंतु न्यायालयाचा निर्णय खिशातल्या फोनपर्यंत आपण होऊन पोहोचत नाही. तेथवरची वाट ज्याची त्यानेच चालावयाची असते.

या वाटेची पहिली पायरी सर्वांच्या आवाक्यातील आहे. तिला पैसा लागत नाही, विशेष ज्ञानही लागत नाही. एक निवांत दुपार पुरते. फोनच्या मांडणीत जाऊन जाहिरातींचा ओळखक्रमांक पुसून टाकता येतो. कोणत्या ॲपला ठावठिकाणा, ध्वनिग्राहक, कॅमेरा आणि संपर्कयादी यांची परवानगी आहे हे एकेक करून पाहता येते आणि नको ती परवानगी काढून घेता येते. विजेरीच्या ॲपला नातेवाइकांची यादी कशाला हवी, हा प्रश्न स्वतःला विचारला म्हणजे निम्मे काम होते. वापरात नसलेली ॲप काढून टाकणे, हे उरलेले निम्मे.

दुसरी पायरी म्हणजे फोन तोच ठेवून सेवा बदलणे. २०१० पासून चालू असलेल्या एफ-ड्रॉइड या भांडारात केवळ खुल्या संहितेची ॲप मिळतात आणि तेथे खाते उघडावे लागत नाही. निरोपांसाठी सिग्नल आहे. नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलेला उपक्रम आहे. त्यावर आधारलेली ऑर्गेनिक मॅप्स किंवा ओस्मअँड यांसारखी ॲप संपूर्ण प्रदेशाचा नकाशा फोनमध्येच उतरवून घेतात. मग धारहून देवासला जाणाऱ्याला इंदूरजवळ कोठे वळावे हे इंटरनेट बंद ठेवूनही कळते. कळफलक तर विशेष सांभाळावा. कारण परवलीच्या शब्दापासून प्रेमपत्रापर्यंत प्रत्येक अक्षर त्याच्याच हाताखालून जाते. मराठी लिहिण्याची सोय असलेले आणि इंटरनेटची परवानगीच न मागणारे कळफलक आज उपलब्ध आहेत.

तिसरी पायरी अवघड आहे. ती म्हणजे फोनमधील मूळ प्रणालीच काढून तेथे गूगलच्या सेवांविना चालणारी अँड्रॉइडची खुली आवृत्ती बसविणे. लिनिएज ओएस ही अशी एक आवृत्ती. ती २०१६ च्या अखेरीस, सायनोजेनमॉड हा जुना प्रकल्प बंद पडल्यावर, त्याच्याच संहितेतून पुढे आली. ग्रॅफीन ओएस ही सुरक्षिततेवर अधिक भर देणारी दुसरी. गंमत अशी की ती आजवर प्रामुख्याने गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालत आली आहे. अॅपलच्या आयफोनवर अशी दुसरी प्रणाली बसविण्याची मुभाच नाही.

या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी तिची किंमत मोजून घ्यावी. प्रत्येक कंपनी आपल्या फोनचे कुलूप उघडू देत नाही. जेथे उघडता येते तेथे त्या क्षणी फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. आणि कुलूप उघडेच ठेवले, तर फोन चोराच्या हाती पडल्यास धोका वाढतो. अनेक निरोप गूगलच्या यंत्रणेमार्गे येत असल्याने ते उशिरा येतात किंवा येतच नाहीत. सर्वांत मोठी अडचण पैशाच्या व्यवहारांची. बँकांची आणि देणी-घेणी चालविणारी पुष्कळ ॲप फोनमधील प्रणाली मूळचीच आहे ना, हे तपासतात आणि नसल्यास चालण्याचे नाकारतात. भाजीवाल्यापासून वाण्यापर्यंत सर्वत्र फोनवरून पैसे देण्याची रूढी पडलेली असताना ही अडचण लहान नव्हे. तिच्यावर काही उतारे आहेत. बँकेचे काम संगणकावरील संकेतस्थळावरून करता येते. साध्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केलेली यूपीआय १२३पे ही सोय आहे. आणि देवासचा छापखाना अजून चालू आहे. रोख पैसे कोणी बंद केलेले नाहीत. काही जण जुना फोन केवळ बँकेसाठी घरी ठेवतात आणि नवा, मोकळा केलेला, बरोबर बाळगतात.

इतके सारे करूनही पूर्ण एकांत मिळतो असा समज कोणी करून घेऊ नये. सिमकार्ड ओळखपत्रावर घेतलेले असते. फोन कोणत्या मनोऱ्याच्या टापूत आहे हे दूरसंचार कंपनीस कळल्यावाचून फोन वाजूच शकत नाही. दिलेल्या पैशाची नोंद बँकेत राहते. शिवाय आपण कितीही सावध राहिलो, तरी आपला क्रमांक आणि नाव दहा सोयऱ्यांच्या फोनमध्ये असतेच आणि त्यांच्या एका होकारासरशी ते बाहेर जाते. म्हणून हा विषय एकट्याने फोन साफ करून संपत नाही. तो घरात बोलावा लागतो. भाचीच्या बारशाचे छायाचित्र कोठे चढवावे, आजोबांचा रक्ततपासणीचा अहवाल कोणत्या मार्गाने धाडावा, हे आता घरच्या रीतिभातीचे प्रश्न झाले आहेत. आणि रीतिभाती चारचौघांत ठरतात.

मग सामान्य माणसाने करावे तरी काय? प्रत्येकाने प्रणाली बदलावी असा आग्रह धरणे व्यर्थ आहे. ज्या शिक्षिकेला सगळ्या सूचना शाळेच्या गटावरच मिळतात, किंवा ज्या दुकानदाराचा गल्लाच फोनवर चालतो, त्यांना पहिली पायरी पुरेशी आहे. ज्यांच्यापाशी इतरांची गुपिते विश्वासाने ठेवलेली असतात, असे डॉक्टर, वकील, पत्रकार आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते यांनी दुसरी पायरी चढणे हे कर्तव्यच मानावे. तिसरी पायरी ज्याला वेळ, हौस आणि अडचण सोसण्याची तयारी आहे त्याने चढावी. अशी माणसे थोडीच असणार. परंतु खुली प्रणाली जिवंत राहते ती त्यांच्यामुळे, आणि दुसरा मार्ग अस्तित्वात आहे म्हणूनच पहिल्या मार्गावरचा जकातनाका थोडा तरी मर्यादेने वागतो.

देवासच्या दोन पात्यांचा निकाल दिल्लीत ठरलेल्या धोरणाने लागला. फोनमधील दोन पात्यांचा निकाल तसा एका सहीने लागेल असे दिसत नाही. परंतु पुढच्या वेळी एखादे ॲप संपर्कयादी मागेल, तेव्हा ‘नाही’ म्हणण्याचे बटण तेथेच असते. त्या कर्जदार कामगाराच्याही समोर ते होते. ते दाबले असते तर कदाचित कर्ज मिळाले नसते, आणि सासऱ्याला तो फोनही गेला नसता. या दोहोंतले काय पत्करावयाचे, हे ठरविण्याइतका वेळ आणि माहिती माणसाच्या हाती असली पाहिजे. यंत्राचा खरा धनी कोण, याचा निर्णय त्यावरच होणार आहे.