आधी अदमास, मग बटण



इथे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत खडकात कोरलेलं लहानसं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी फुलबाग देवाला दिली, तिच्यातून रोज ५० माळा देवाला वाहायच्या, अशी त्यात नोंद आहे. २७० आणि ५० मधली शून्यं आजच्यासारखीच गोल आहेत. कंबोडियात इसवी सन ६८३ चा याहून जुना पुरावा सापडला आहे, तेव्हा मुलांना 'जगातलं पहिलं शून्य' असं सांगू नये. मला या लेखाचं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं. गणिताच्या वर्गात यंत्र कसं वापरावं, यासाठी आपण शिक्षक या अधिवेशनात जमलो आहोत, त्याचा तो आयता धडा आहे.

सातवीच्या वर्गाला विचारा, ही बाग केवढी होती? कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी वहीत अदमास लिहायचा. १८७ म्हणजे जवळपास २००, म्हणून ५४,००० पेक्षा थोडं कमी. मग बटणं दाबायची: ५०,४९०. ज्याच्या पडद्यावर ५,०४९ आलं, त्याला आपलं शून्य राहिलं हे लगेच कळतं, कारण अदमास वहीत लिहिलेला आहे. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. ५०,४९० काय? चौरस हात. पण हात कुणाचा? दीड फुटाचा धरला तर बाग सुमारे २.६ एकरांची. ४५ सेंटिमीटरचा धरला तर १०,२२४ चौरस मीटर, ५० सेंटिमीटरचा धरला तर १२,६०० च्या वर. हातात नवव्या हिश्श्याचा फरक आणि क्षेत्रफळात जवळपास पावपट, हे असं का? इथे मुलं 'चौरस' या शब्दाच्या अर्थापर्यंत पोचतात, आणि पोचायला त्यांना वेळ मिळतो, कारण गुणाकार यंत्राने केला. तोच गुणाकार चार वेळा हाताने करायला लावला असता तर तास तिथेच संपला असता.

असा तास घेता यावा म्हणून होणारी आपल्याकडची प्रशिक्षणं आता आठवा. सभागृहात अंधार, पडद्यावर प्रोजेक्टर, साठ शिक्षक आणि एकच माउस, तोही तज्ज्ञांच्या हातात. ते मेनू उघडतात, आपण पायऱ्या वहीत उतरवून घेतो. दुसऱ्या दिवशी हजेरी, प्रमाणपत्र, फोटो. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, मेनू बदलतो आणि वही निरुपयोगी होते. तज्ज्ञांनी त्या दोन दिवसांत गणिताचा एकही प्रश्न विचारलेला नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण सांगितलं आहे. तास मिळाले, चांगलं झालं. त्या तासांत शिक्षकाला पुन्हा गणित करायला मिळतं का, हा माझा प्रश्न आहे, आणि आज मला एवढंच मांडायचं आहे. शिक्षकाच्या हातात आधी गणित द्या. यंत्र त्यामागून आपसूक येतं.

याचं उदाहरण मला देवळालीत सापडतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तिथे शाळामास्तर होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची खुर्ची नव्हती, संगणक तर नव्हताच. ६१७४ या संख्येचा गुण त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून तो जगापुढे नेला. आपल्याला रीत ठाऊक आहे: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा, उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. फार तर सात पायऱ्या लागतात.

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने आपली संख्या घेऊन हा खेळ मांडला, की कॅल्क्युलेटरची खरी किंमत कळते. दहा मिनिटांत फळ्यावर चाळीस वाटा दिसतात आणि सगळ्या एकाच गावी पोचतात. पण एखादी मुलगी १००० घेते. १००० वजा १, पडद्यावर ९९९. ती पुन्हा अंक मांडते, ९९९ वजा ९९९, शून्य. "सर, माझं ६१७४ येत नाही." यंत्र पुढचं शून्य दाखवत नाही. ते ०९९९ आहे, हे माणसाला ठाऊक असावं लागतं. ९९९० वजा ०९९९ केलं की ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. त्या मुलीला 'चूक' म्हणून खाली बसवणारा शिक्षक आणि "थांब, सगळ्यांनी इकडे बघा, हिला एक फार मोलाची गोष्ट सापडली आहे" म्हणणारा शिक्षक, यांच्यात जो फरक आहे तो बटणं शिकून पडत नाही. प्रशिक्षणात शिक्षकाने स्वतः १००० घेऊन अडकलेलं असावं लागतं.

जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरचंही असंच. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्गला ते सुरू केलं, शाळांना ते फुकट मिळतं, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे त्यावरचे धडे स्वतःच्या गतीने शिकण्यासारखे आहेत. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज १८० राहते. मुलं हरखतात. पण कोन पूर्ण अंशांत दाखवायला सांगा आणि बघा: ६०.४, ६०.४ आणि ५९.२ हे कोन पडद्यावर ६०, ६० आणि ५९ असे येतात. बेरीज १७९! इथे दोन गोष्टी एकदम शिकवाव्या लागतात. पडद्यावरची संख्या पूर्णांकात आणलेली असते, ही पहिली. हजार त्रिकोण ओढून पाहिले तरी ती सिद्धता होत नाही, ही दुसरी. सिद्धतेसाठी शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची ती वहीतच, पेन्सिलीने. संगणक त्या वेळी बंद.

पाढे बुडतील, अशी भीती आपल्यातल्या ज्येष्ठांना वाटते. ती मी हसण्यावारी नेणार नाही. पावकी, निमकी, दीडकी ज्यांच्या तोंडात होत्या, त्यांना अदमास बांधायला कुणी शिकवावं लागलं नाही. इंग्लंडमध्ये १९८२ च्या कॉकक्रॉफ्ट अहवालाने कॅल्क्युलेटरचं स्वागत केलं, आणि २०१४ पासून तिथल्या प्राथमिकच्या अखेरच्या गणित परीक्षेतून तो हद्दपार झाला. सिंगापूरने २००९ पासून तशाच परीक्षेच्या एका भागात तो दिला, दुसऱ्यात नाही. मला सिंगापूरची वाट पटते. पाढे पक्के होईपर्यंत यंत्र कपाटात, आणि नंतरही कोणत्या प्रश्नाला ते बाहेर काढायचं, हे शिक्षकाने ठरवायचं. हे ठरवता येणं, हाच प्रशिक्षणाचा गाभा.

ग्वाल्हेर हे गायकीचं गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे आले, गुरूसमोर बसून शिकले आणि ती विद्या महाराष्ट्रात घेऊन गेले. दोन दिवसांच्या शिबिरात ते जमलं नसतं. म्हणून माझ्या अधिवेशनाला काही सूचना आहेत. एका शाळेतून एकट्या शिक्षकाला बोलवू नये, दोघांना बोलवावं, म्हणजे परत गेल्यावर बोलायला कुणी असतं. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात शिकवायचा धडा बरोबर आणावा आणि त्याच धड्यावर काम व्हावं. महिन्याभराने सर्वांनी पुन्हा जमावं, आणि येताना प्रमाणपत्र नव्हे, मुलांच्या वह्या आणाव्यात. वहीत अदमास आधी लिहिला आहे का, मुलगा कुठे अडला, शिक्षकाने काय विचारलं, यावर चर्चा व्हावी. लॅपटॉप नसेल तर दहा साध्या कॅल्क्युलेटरांवर हे सगळं होतं.

राहिली परीक्षा. दहावी-बारावीच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, तोवर वर्गात तो कशाला, असं पालक विचारतात आणि मुख्याध्यापकही. त्यांना नुसतं उत्तर देऊन भागणार नाही, नमुना दाखवावा लागेल. उद्याच्या गटचर्चेत प्रत्येक गटाने एक प्रश्नपत्रिका तयार करावी: निम्मे प्रश्न यंत्राशिवाय सोडवायचे, निम्मे यंत्र हातात असूनही विचार केल्यावाचून न सुटणारे. बागेचा प्रश्न मी दिलाच आहे, बाकीचे तुम्ही घाला. संध्याकाळपर्यंत त्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे आल्या, तर अधिवेशनाच्या ठरावासोबत त्या इथल्या आणि महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळांकडे पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.